काँगा, तुंबा, किंतो : नावं कामाची, मापं कारखान्याची

आमच्या गावच्या सार्वजनिक गणेशोत्सवात एक रात्र ऑर्केस्ट्राची असे. 1980 चं दशक. पुढे गायक-गायिका, मागे अकॉर्डियन, गिटार, ड्रम. आणि अगदी कडेला, लोखंडी स्टँडवर, पिंपासारखे दिसणारे दोन उभे ढोल. वादक उभा राहून ते नुसत्या हातांनी वाजवत होता. मध्यंतरात मी धीर करून जवळ गेलो आणि विचारलं, ‘‘काका, याला काय म्हणतात?’’

‘‘तुंबा,’’ ते म्हणाले.

शेजारी ड्रमवाले चहा पीत होते. ते म्हणाले, ‘‘काँगो म्हण रे बाळा. तुंबा वगैरे हे स्टुडिओवाले म्हणतात.’’

दोघंही हसले. मला तोवर तुंबा ठाऊक होता तो सतारीचा, भोपळ्याचा. त्या रात्री प्रश्न तसाच घेऊन घरी आलो.

पुढे वाद्यांची माहिती जमवण्याचा नाद लागला. काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहून टाकलं की, काँगा हे मूळ वाद्य आणि तुंबा हा त्याचा साडेबारा इंची मोठा प्रकार. महिन्याभरानं मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य काढलेल्या एका ज्येष्ठ तालवादकांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर दोनच ओळींचा होता : ‘‘लेख वाचला. आपण इंच सांगितलेत, काम सांगितलं नाहीत.’’

त्या दोन ओळींनी मला पुन्हा कामाला लावलं. हा लेख म्हणजे त्या पोस्टकार्डाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

आधी इंच

मापांपासूनच सुरुवात करू, कारण दुकानात गेलं की पहिल्यांदा तीच भेटतात. आज जगभर विकल्या जाणाऱ्या काँगाचे साधारण पाच आकार आहेत. सगळ्यात लहान रिक्विंतो, तोंडाचा व्यास पावणेदहा इंचांच्या आसपास. मग किंतो, 11 इंच. मग ज्याला नुसतंच ‘काँगा’ म्हणतात तो मधला, पावणेबारा इंच. त्यानंतर तुंबा, साडेबारा इंच. आणि शेवटचा सुपर तुंबा, 14 इंच. कारखान्यागणिक पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होतो. गंमत अशी की उंची मात्र सगळ्यांची जवळपास एकच, 28 ते 30 इंच. म्हणजे ही भावंडं उंचीनं सारखी आणि अंगानं वेगवेगळी. तोंड जितकं रुंद, पोट जितकं मोठं आणि चामड्याचा ताण जितका कमी, तितका आवाज खाली उतरतो.

ढोलाचं बूड उघडं असतं. तो जमिनीवर सपाट ठेवला तर खर्ज आतच कोंडतो. म्हणून बसून वाजवणारा तो गुडघ्यांत धरून किंचित कलता करतो, किंवा मग स्टँडवर चढवतो. ऑर्केस्ट्रातल्या त्या लोखंडी स्टँडचं हे कारण.

तिघांना सुरात लावण्याची एक रूढ पद्धत आपल्या भाषेत सांगायची तर अशी : मधल्या काँगाचा षड्ज धरला, तर तुंबा खालच्या पंचमाला आणि किंतो वरच्या गंधाराला. हा काही नियम नाही. वादक आपापल्या कानाप्रमाणे आणि गाण्याप्रमाणे बदल करतात. पण तिघं मिळून एक छोटी सुरावट तयार होते, ती अशी.

हे झाले इंच. आता काम.

तिघांची तीन कामं

क्यूबात, जिथे हा ढोल घडला तिथे, त्याला मुळात तुंबादोरा म्हणतात. हवाना आणि मातांसास या बंदरांच्या शहरांत, गोदीतले हमाल, साखरेचे मजूर आणि त्यांची कुटुंबं जिथे एका वाड्यात खोली-खोली करून राहत, तिथे रुम्बा नावाचा गाण्या-नाचण्याचा प्रकार वाढला. क्यूबात अशा वाड्याला सोलार म्हणतात. मुंबईकर वाचकांनी चाळ डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही. या रुम्ब्यात ढोल तीन आणि वादकही तीन.

खालच्या आवाजाचा ढोल तो सालिदोर. स्पॅनिश भाषेत ‘सालिर’ म्हणजे निघणं, बाहेर पडणं. जो आधी निघतो, चाल सुरू करतो आणि शेवटपर्यंत ती धरून ठेवतो तो सालिदोर. मधल्या ढोलाला त्रेस दोस म्हणतात, शब्दशः ‘तीन-दोन’. सालिदोरनं सोडलेल्या जागेत तो उत्तर भरतो. या दोघांचे ठोके एकमेकांत असे गुंफलेले असतात की ऐकणाऱ्याला एकच धून वाटते. एकानं हात थांबवला की ती तुटते. आणि तिसरा, सगळ्यात लहान, चढ्या आवाजाचा किंतो. किंतो म्हणजे ‘पाचवा’, जरी संचात ढोल तीनच असले तरी! हा बोलका. गाणाऱ्याच्या ओळींमध्ये तो शिरतो, नाचणाऱ्याच्या पावलांना डिवचतो. रुम्ब्याच्या कोलुंबिया या प्रकारात तर एकटा नर्तक आणि किंतो यांच्यात सरळ सवाल-जवाब चालतो.

या सगळ्यांवर लक्ष ठेवते ती क्लावे, म्हणजे लाकडाच्या दोन कांड्या एकमेकींवर आपटून वाजवलेले पाच ठोके. ते पाच ठोके सगळ्यांनी मनात धरायचे असतात, वाजवणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनीही.

हे समजून घ्यायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. आपलं ढोल-ताशा पथक पाहा. ढोल चाल धरतो, ताशा बोलतो आणि टोल सगळ्यांना जागेवर ठेवतो. पथकात ‘ताशा’ म्हटल्यावर कुणी त्याचे इंच विचारत नाही. वाजवणाऱ्यानं काय करायचं आहे ते त्या नावातच आलेलं असतं. सालिदोर, त्रेस दोस, किंतो ही नावं तशीच आहेत. पोस्टकार्डवरच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला.

यात एक उलटापालटही आहे. क्यूबात आफ्रिकेतून आलेल्या जुन्या ढोलसंचांत बोलका मान मोठ्या, खालच्या आवाजाच्या ढोलाकडे असतो. काँगोच्या बाजूच्या लोकांचे युका नावाचे तीन ढोल आहेत. त्यांत सगळ्यात मोठा काहा मुख्य. मुला आणि काचिंबो हे त्याचे साथीदार. योरुबा लोकांच्या बाता ढोलांतही मोठा ढोल ‘इया’, म्हणजे आई, बाकीच्या दोघांना हाक देतो. रुम्ब्यात हे उलटलं : मोठा साथीला बसला आणि लहान पुढे झाला. लहानाला मोठेपण आकारामुळे मिळालेलं नाही, कामामुळे मिळालं आहे.

एक शब्द, दोन समुद्र

क्यूबात गुलामीच्या काळात सुमारे 8 लाख आफ्रिकी माणसं आणली गेली. त्यांच्यातल्या काँगो खोऱ्यातून आणि त्याच्या आसपासच्या बांटू भाषकांच्या मुलखातून आलेल्यांना तिथे सरसकट ‘काँगो’ म्हणत. त्यांचे युका आणि माकुता हे ढोल आजच्या तुंबादोराचे पूर्वज मानले जातात. बांटू भाषांत ढोलासाठी ‘न्गोमा’ हा शब्द फार दूरवर पसरलेला आहे, आणि तो क्यूबातही पोचला.

हाच शब्द दुसऱ्या समुद्रावरून आपल्याकडेही आला आहे. गुजरातेतले सिद्दी बावा गोर या पीराच्या उरुसात जे वादन-नर्तन करतात त्याला गोमा म्हणतात, धमालही म्हणतात. त्यांचा मुगरमान हा पायांवर उभा असलेला ढोल पाहिला की वादकाची उभं राहण्याची पद्धतही ओळखीची वाटते. हे सिद्दी पूर्व आफ्रिकेतून आले, क्यूबातले बहुतेक लोक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून. दोघांचा थेट संबंध जोडायचं कारण नाही. पण अटलांटिक आणि अरबी अशा दोन समुद्रांच्या पैलतीरांवर, घरदार हरवलेल्या माणसांनी ढोलाचं एकच नाव जपून ठेवावं, ही गोष्ट मला कुठल्याही इंच-फुटांपेक्षा मोठी वाटते.

पिंपाच्या फळ्या

पूर्वजांचे ढोल एका अखंड ओंडक्यातून कोरलेले असत. तुंबादोरा मात्र फळ्या जोडून बनतो. लांब, मध्ये किंचित फुगीर फळ्या गोलाकार उभ्या करून बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळायच्या, जशी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात. ही रीत दारूची, तेलाची पिंपं बांधणाऱ्या कारागिरांची आहे. बंदरात पिंपं मुबलक, आणि ती फोडणारे, भरणारे, वाहणारे हात याच लोकांचे. ढोल नसेल तर रुम्बा खोक्यांवरही होई. सुकी मासळी, मेणबत्त्या ज्यांत येत ती लाकडी खोकी वाजवत. काहोन नावाचं बसून वाजवायचं खोकं आजही रुम्ब्यात मानानं वापरतात.

जुन्या तुंबादोराचं चामडं कडेनं खिळ्यांनी ठोकलेलं असे. हवा दमट झाली की ते सैल पडे आणि आवाज बसे. मग वादक जाळ करून त्यावर चामडं शेकत. आपल्याकडे हलगीवाले वाजवायच्या आधी कागद नाही तर पाचट पेटवून हलगी शेकतात, अगदी तेच. शेकलेला सूर गाण्या-दोन गाण्यांत पुन्हा उतरे, की परत जाळाकडे.

या ढोलांना राज्यकर्त्यांची नजर कधी फारशी बरी नव्हती. 1886 मध्ये क्यूबातली गुलामी कायद्यानं संपली, पण ढोलाविषयीचा संशय संपला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कधी हवानात, कधी सांतियागोत रस्त्यावरच्या आफ्रिकी ढोलांवर आणि मिरवणुकांवर बंदी येई. गंमत म्हणजे निवडणुका आल्या की तेच पुढारी गर्दी जमवायला तेच ढोल भाड्यानं आणत. उदारमतवादी पक्षाची ‘ला चांबेलोना’ ही प्रचाराची धून 1916 च्या निवडणुकीत गाजली. हवानाच्या कार्निव्हलमधल्या मिरवणुकांना पुन्हा परवानगी मिळाली ती 1937 साली, आणि त्यासाठी ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते अभ्यासक म्हणजे फर्नांदो ऑर्तिझ. पुढे 1952 ते 1955 या काळात त्यांनी आफ्रो-क्यूबन वाद्यांवर पाच खंड लिहिले. या विषयात शिरणारा प्रत्येक जण आजही आधी त्यांच्या दारात उभा राहतो.

‘काँगा’ हे नाव

मिरवणुकीचा उल्लेख आला, तेव्हा नावाचा गुंताही सोडवू. क्यूबात ‘काँगा’ म्हणजे मुळात कार्निव्हलची मिरवणूक, तिची चाल आणि तिच्यावरचा नाच. पूर्वेकडच्या सांतियागो शहरातल्या काँगात तर आपण बोलतो आहोत तो ढोल मुख्य नसतोच. तिथे बोकू नावाचे, खाली निमुळते होत जाणारे ढोल गळ्यात अडकवून वाजवतात.

1920 च्या दशकात सांतियागोचे महापौर होते देसिदेरिओ अर्नास. रस्त्यावरच्या काँगावर बंदी घालणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. 1933 मध्ये सत्तापालट झाला आणि या कुटुंबाला देश सोडावा लागला. त्यांचा मुलगा देसी अर्नास अमेरिकेत मायामीला पोचला आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीस गळ्यात ढोल अडकवून तिथल्या नाइटक्लबांत लोकांना एकामागे एक उभं करून काँगा नाचवू लागला. बापानं जे रस्त्यावरून हाकललं तेच लेकानं दिवाणखान्यात नेलं. अमेरिकेत मग त्या नाचातल्या ढोलालाच काँगा म्हणू लागले. मिरवणुकीचं नाव ढोलाला चिकटलं, आणि पुढे कारखान्यांनी तेच नाव तिघांतल्या मधल्या ढोलाला दिलं. म्हणून आज एकच शब्द नाचाचा, मिरवणुकीचा, सगळ्या घराण्याचा आणि त्यातल्या एका भावंडाचाही आहे.

तीन माणसांचा एक माणूस

चाळीतला हा ढोल वाद्यवृंदात आला तो 1940 च्या सुमारास. सोन या लोकप्रिय संगीतप्रकारात तोवर चर्माची साथ बोंगोची असे. आर्सेनियो रॉड्रिगेझ या अंध संगीतकारानं आपल्या वृंदात तुंबादोरा बसवला. वृंदात ढोल एकच आणि वादकही एकच. मग चाल धरण्याचं काम एका हाताच्या झुलत्या ठेक्यात आलं : डाव्या हाताचा तळवा आणि बोटं चामड्यावर आळीपाळीनं टेकत राहतात आणि आवर्तनाच्या शेवटी दोन खुले ठोके पडतात. याला तुंबाओ म्हणतात.

1947 मध्ये हवानाच्या गरीब वस्तीतून आलेला चानो पोसो न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पीच्या जॅझ वृंदात दाखल झाला आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला. जॅझला हा ढोल तिथून लागला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1948 मध्ये, हार्लेममध्ये गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो चौतिशीही गाठलेला नव्हता.

त्याच काळातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कांदिदो कामेरो हा वादक 1946 मध्ये एका नर्तक जोडीबरोबर अमेरिकेत आला. त्या नाचाला दोन ढोलवादक लागत, पण दोघांना नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. मग कांदिदोनं दुसऱ्याचंही काम उचललं : एका हातानं चाल धरायची आणि दुसऱ्या हातानं किंतोवर बोलायचं. पुढे तो तीन ढोल सुरात लावून एकटा वाजवू लागला. आज जगभर एकाच वादकापुढे दोन-तीन काँगा मांडलेले दिसतात, त्या मांडणीच्या मुळाशी कलेइतकंच एक साधं हिशेबाचं कारण आहे : एका माणसाचं तिकीट वाचवायचं होतं.

तीन ढोल सुरात लावायचे आणि कार्यक्रमभर तिथेच ठेवायचे, तर खिळे आणि जाळ पुरेना. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे खिळ्यांच्या जागी लोखंडी कडं आणि पान्यानं आवळायचे हूक आले. याचं श्रेय बहुतेक जण पातातो वाल्देस या वादकाला देतात. त्यानं या ढोलांवर खरोखरच सुरावटी वाजवल्या. 1962 मध्ये अमेरिकेनं क्यूबाशी व्यापार बंद केला आणि हवानाचे ढोल न्यूयॉर्कला येईनात. ती उणीव भरायला मार्टिन कोहेन या इंजिनिअरनं 1964 मध्ये स्वतःची कंपनी काढली; लाकडाबरोबर फायबरग्लासचे ढोल आले. कारखाना म्हटला की माप ठरवावं लागतं, कडं आणि चामडं बदलून मिळावं लागतं. अशा रीतीनं सालिदोर साडेबारा इंच झाला.

यात नुसतं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. कांदिदो, पातातो, ताता ग्विनेस यांनी एकट्यानं जे उभं केलं ते तिघांना कदाचित सुचलंही नसतं. पण तिघांमधलं बोलणं एका डोक्यात गेलं, हेही खरं. चाल आणि बोल दोन्ही एकाच्याच हातात, म्हणजे बोलणाऱ्याला थोडं जपूनच बोलावं लागतं. मातांसासमध्ये मात्र 1952 साली सुरू झालेला मुन्येकितोस हा संच आजही तीन ढोल तीन माणसांनी वाजवतो. 2016 मध्ये युनेस्कोनं क्यूबाच्या रुम्ब्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिलं. ज्या अंगणात पोलीस येत, तिथे आता पाहुणे येतात.

मुंबईचा तुंबा

मुंबईत ही लॅटिन तालवाद्यं आणण्याचं श्रेय पारशी ड्रमवादक कावस लॉर्ड यांच्याकडे जातं. गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि त्याच्यासारखे जॅझवाले तेव्हा हॉटेलांतून फिल्मी स्टुडिओंत येत होते. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये (1951) बोंगोचा ठेका ऐकू येतो, तो याच वाऱ्याचा. मागोमाग काँगाही आला, आणि राहुलदेव बर्मन यांच्या काळात तालविभागात त्याची जागा पक्की झाली. स्टुडिओत त्याला तुंबा म्हणू लागले, सगळ्याच आकारांना. तिकडे मिरवणुकीचं नाव सगळ्या घराण्याला मिळालं, इकडे थोरल्या भावाचं. गणेशोत्सवातले ते दोन्ही काका बरोबरच होते. एकाचं नाव मायामीहून आलेलं होतं, दुसऱ्याचं हवानाहून.

ते पोस्टकार्ड पाठवणारे गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांना उत्तर लिहायला मला फार वेळ लागला. माझ्या वाद्यांच्या वहीत ‘तुंबा’ या नोंदीपुढे ‘साडेबारा इंच’ असं लिहिलेलं होतं. ते मी खोडलेलं नाही, कारण ते खोटं नाही. त्याच्याखाली एवढंच वाढवलं आहे : ‘‘मूळ नाव सालिदोर. काम : आधी निघणं, आणि बाकीचे दोघं बोलत असताना चाल न सोडणं.’’